लालभडक रक्ताचा पुरावा

पनवेलला औषधांचं अप्रूप नाही. १८७२ साली कृष्णशास्त्री पुराणिकांनी इथे आयुर्वेदीय औषधांचा कारखाना काढला आणि ‘श्रीधूतपापेश्वर’ हे नाव पुढे महाराष्ट्रभरच्या वैद्यांच्या फडताळांत जाऊन बसलं. काविळीनंतर अंगात ताकद राहिली नाही, भूक मेली, पोट जड वाटू लागलं, की आरोग्यवर्धिनी नाहीतर कुमारी आसव घ्यायचं, हे इथल्या जुन्या घरांत कुणी कुणाला शिकवावं लागलं नाही. यकृतासाठी काहीतरी ‘घ्यायचं’ असतं ही कल्पना गावाच्या अंगवळणी पडलेली आहे. त्यामुळे ओझोन थेरपी मुंबई-ठाण्याकडून खाडी ओलांडून इकडे सरकली तेव्हा तिला फार प्रश्न कुणी विचारले नाहीत. गुडघे, जुनाट जखमा, थकवा, त्वचेचे विकार अशी तिची यादी होतीच. आता त्यात एक वजनदार कलम वाढलं आहे: मधुमेहात यकृताचं रक्षण.

हा दावा हसून उडवण्यासारखा नाही. त्यामागे प्रयोगशाळांमधलं प्रामाणिक काम आहे, आणि ज्या आजाराबद्दल तो केला जातो तो आजार खरा आहे. माझा आक्षेप वेगळा आहे. या दाव्याचा एक पुरावा उंदरांकडून आलेला आहे आणि दुसरा रुग्णाच्या डोळ्यांसमोर पिशवीत दिसतो. या दोहोंच्या मधे माणसाचं यकृत यायला हवं होतं. ती जागा रिकामी आहे, आणि त्या रिकाम्या जागेचं शुल्क रुग्ण भरतो आहे.

आधी डोळ्यांसमोरचा पुरावा पाहू. ओझोन देण्याच्या दोन पद्धती प्रचलित आहेत. एकीत शिरेतून शंभर-दोनशे मिलीलिटर रक्त काढून पिशवीत किंवा बाटलीत घेतात, त्यात ओझोनमिश्रित ऑक्सिजन सोडतात, हलक्या हाताने ढवळतात आणि तेच रक्त पुन्हा शिरेत सोडतात. शिरेतून आलेलं रक्त काळपट, जांभळ्या झाकेचं असतं. वायू आत शिरला की काही क्षणांत ते लालभडक होतं. खाटेवर पडलेला माणूस हे बघत असतो. कुणीतरी हळूच म्हणतं, ‘बघा, किती शुद्ध झालं.’ यापुढे युक्तिवादाची गरजच उरत नाही. पण या वायूत ओझोन असतो फार तर पाच टक्के. उरलेला पंचाण्णव टक्क्यांहून अधिक भाग साधा ऑक्सिजन. हिमोग्लोबिनला ऑक्सिजन मिळाला की ते लाल होतं. फुप्फुसात ते दर श्वासाला होतं, फुकट. पिशवीत नुसता ऑक्सिजन सोडला तरी रक्त तितकंच लाल होईल. रंग खरा आहे, पण तो ओझोनबद्दल काहीच सांगत नाही, यकृताबद्दल तर नाहीच.

दुसरी पद्धत गुदमार्गाची. सिलिकॉनच्या नळीतून दीड-दोनशे मिलीलिटर वायू मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात सोडतात. सिलिकॉन अशासाठी, की साधं रबर ओझोनने तडकतं. यकृताच्या दाव्यासाठी ही पद्धत पुरस्कर्त्यांना विशेष प्रिय आहे, आणि तिचं शारीरशास्त्र ऐकायला सुरेख आहे: गुदाच्या वरच्या भागातल्या शिरा यकृतद्वारशिरेला जाऊन मिळतात, म्हणजे तिथे दिलेलं औषध सरळ यकृताच्या दारात उतरतं. औषधाबाबत हे काही प्रमाणात बरोबर आहे. ओझोनबाबत मात्र एक अडचण आहे. ओझोन इतका अधीर वायू आहे की ओलसर आवरणाला टेकताच तो तिथल्या पाण्याशी, मेदाशी, श्लेष्म्याशी अभिक्रिया करून संपतो. यकृताच्या दारापर्यंत ओझोन पोहोचत नाही. पोहोचली तर त्याच्या अभिक्रियेतून उरलेली संयुगं पोहोचतात.

पुरस्कर्त्यांमधले अभ्यासू लोक हे मान्य करतात आणि तिथूनच आपला खरा सिद्धांत मांडतात. इटलीतल्या सिएना विद्यापीठाच्या वेलिओ बोच्ची यांनी त्यावर बरीच वर्षं काम केलं. सिद्धांत असा: ओझोन रक्ताला भिडला की थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड आणि मेदाच्या ऑक्सिडेशनमधून काही तीक्ष्ण संयुगं तयार होतात. हा पेशींवरचा एक छोटा, मोजका घाला. त्याने पेशी सावध होतात, संरक्षक जनुकं चालू करणारी एनआरएफ-२ नावाची यंत्रणा जागी होते आणि पेशी स्वतःचेच ऑक्सिडेशनविरोधी विकर जास्त बनवू लागतात. मधुमेहात साखर आणि मेद यांच्या अतिरेकाने यकृतावर ऑक्सिडेशनचा ताण असतोच. म्हणजे थोड्या विषाने मोठ्या विषाला उत्तर. कल्पना तर्काला धरून आहे, आणि देवीच्या लशीचा इतिहास ठाऊक असलेल्या समाजाला ती परकीही वाटत नाही.

फक्त या यंत्रणेला जागं करण्याचा मक्ता ओझोनकडे नाही. भरभर चाललं, जिना चढला, शेतात वाकून काम केलं, की स्नायूंमध्ये अशीच तीक्ष्ण संयुगं तयार होतात आणि शरीर अशीच तयारी करतं. २००९ साली जर्मनीतल्या एका प्रयोगात व्यायाम करणाऱ्या तरुणांना क आणि ई जीवनसत्त्वांच्या गोळ्या दिल्या, तेव्हा व्यायामाने इन्सुलिनच्या कामात होणारी सुधारणाच बोथट झाली. तो छोटा घाला पुसून टाकला आणि फायदाही पुसला गेला. ओझोनवाल्यांचा सिद्धांत यातून बळकट होतो, हे मी नाकारत नाही. पण त्याच वेळी प्रश्न उभा राहतो की जे चालण्याने होतं, सिद्ध झालेलं आहे आणि ज्यासाठी रक्त बाहेर काढावं लागत नाही, त्याच्यावर या पिशवीने नेमकी काय भर घातली?

आता उंदीर. हवानातल्या ओझोन संशोधन केंद्राने नव्वदच्या दशकापासून यकृतावर बरंच काम केलं. कार्बन टेट्राक्लोराइड हे यकृताचं जालीम विष. ते देण्याआधी उंदरांना ओझोनचे डोस दिले तर यकृताची हानी कमी होते, असं त्यांना दिसलं. बार्सिलोनाच्या संशोधकांसोबत केलेल्या कामात यकृताचा रक्तपुरवठा काही काळ तोडून पुन्हा सुरू केला, तिथेही ओझोन घेतलेल्या उंदरांची यकृतं बरी राहिली. मग मधुमेही उंदीर आले. तिथेही ऑक्सिडेशनच्या ताणाचे आकडे सुधारले. पुढे इतर देशांतूनही असेच निष्कर्ष आले.

या प्रयोगांत मधुमेह कसा ‘तयार’ करतात, हे मात्र माहितीपत्रकात कुणी छापत नाही. उंदराला स्ट्रेप्टोझोटोसिन टोचतात. हे रसायन स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींत शिरून त्यांना मारतं. पेशीत शिरायला ते ज्या दाराचा वापर करतं ते दार यकृताच्या पेशींनाही असतं, म्हणून हे रसायन थेट यकृतालाही इजा करतं. म्हणजे ओझोनने उंदराचं यकृत मधुमेहापासून वाचवलं की त्या रसायनापासून, हे सांगता येणं कठीण. शिवाय हा उंदीर हडकुळा असतो, त्याच्याकडे इन्सुलिन जवळपास नसतंच, आणि सगळा खेळ काही आठवड्यांचा असतो. पनवेलच्या दवाखान्यात बसलेला पन्नाशीचा गृहस्थ नेमका उलटा आहे. त्याच्या पोटावर चरबी आहे, रक्तात इन्सुलिन भरपूर आहे पण ते चालत नाही, आणि त्याच्या यकृतात मेद साचायला पंधरा-वीस वर्षं लागली आहेत. एकाचं उत्तर दुसऱ्याला लावायचं म्हणजे दुष्काळी गावाची योजना पूरग्रस्त गावात राबवण्यासारखं आहे.

मधुमेहात माणसांवर ओझोनची चाचणी झाली ती बहुतांशी पायाच्या जखमांवर. हवानातल्याच एका चाचणीत १०१ रुग्ण होते आणि निष्कर्ष ओझोनच्या बाजूने होता. पण अशा चाचण्या तपासणाऱ्या कॉक्रेनच्या परीक्षणाने २०१५ साली तीन चाचण्या, एकूण २१२ रुग्ण, एकत्र पाहिले आणि ठोस काही म्हणता येत नाही असा निर्वाळा दिला. हे पायाचं झालं. यकृताच्या बाबतीत तर मधुमेही माणसाच्या यकृतातला मेद किंवा व्रण ओझोनने कमी झाला असं दाखवणारी, बायोप्सीपर्यंत गेलेली मोठी चाचणी कुणी समोर ठेवत नाही. ठेवतात ते एसजीपीटीचे आकडे.

एसजीपीटीवर थोडं थांबायला हवं, कारण निम्मी दिशाभूल या तीन-चार अक्षरांत आहे. हे विकर यकृताच्या पेशी फुटल्या की रक्तात उतरतं. ते आपोआपही वर-खाली होतं. जो माणूस आकडा वाढला म्हणून घाबरून दवाखान्यात येतो, त्याचा पुढचा आकडा उपचार न करताही बहुधा कमीच येतो, कारण तो आला तेव्हा टोकाला होता. त्यातच घाबरल्यामुळे त्याने महिनाभर दारू आणि वडापाव सोडलेला असतो. याउलट, यकृतात व्रण पक्का झाल्यावर फुटायला पेशीच कमी उरतात आणि एसजीपीटी नॉर्मल येतो. नॉर्मल आकडा पाहून आनंदाने घरी गेलेला आणि काही वर्षांनी पोटात पाणी होऊन परतलेला रुग्ण कुठल्याही यकृततज्ज्ञाला नवा नाही.

खरी माहिती रिपोर्टमध्येच असते, फक्त कुणी गणित करत नाही. वय गुणिले एसजीओटी, म्हणजे एसजीपीटीच्या जोडीने मोजलं जाणारं दुसरं विकर. त्याला भागायचं प्लेटलेटच्या आकड्याने आणि एसजीपीटीच्या वर्गमुळाने. याला फिब-४ म्हणतात. समजा वय ५५, एसजीओटी ४८, एसजीपीटी ६४, प्लेटलेट एक लाख ऐंशी हजार, म्हणजे हजारांत १८०. पंचावन्न गुणिले अठ्ठेचाळीस, २६४०. चौसष्टचं वर्गमूळ आठ; एकशे ऐंशी गुणिले आठ, १४४०. भागाकार १.८३. आकडा १.३ च्या खाली असता तर व्रणाची काळजी कमी (पासष्टीनंतर ही मर्यादा २ धरतात), २.६७ च्या वर असता तर गंभीर. १.८३ म्हणजे मधला, म्हणजे फायब्रोस्कॅन, यकृतातला व्रण मोजणारी तपासणी, करून घ्या. या माणसाचे दोन्ही विकर फार वाढलेले नाहीत. सोनोग्राफीवर ‘ग्रेड वन फॅटी लिव्हर’ लिहून आलं असतं आणि ‘सगळ्यांनाच असतं हो’ म्हणून सोडून दिलं गेलं असतं.

सगळ्यांना नसतं, पण पुष्कळांना असतं हे खरं. आयसीएमआरच्या २०२३ साली आलेल्या मोठ्या पाहणीने देशात दहा कोटी दहा लाख मधुमेही असल्याचा अंदाज दिला. टाइप-२ मधुमेहींपैकी निम्म्याहून अधिकांचं यकृत मेदाने भरलेलं असतं, असं जगभरचे अभ्यास सांगतात. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्र सरकारने मेदयुक्त यकृताचा आजार असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात घातला, तेव्हा असं करणारा भारत पहिला देश ठरल्याचं कौतुकाने सांगितलं गेलं. कागदावर घातला, हे खरंच.

मेदयुक्त यकृताला पनवेल परिसरात स्थानिक इतिहास आहे असं मला वाटतं. १९७० साली सिडको आली आणि पनवेल, उरण, ठाणे पट्ट्यातल्या पंच्याण्णव गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घेतल्या. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनात पाच शेतकरी हुतात्मा झाले, तेव्हा कुठे साडेबारा टक्के विकसित भूखंडाचा मार्ग मोकळा झाला. त्या लढ्याबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं; त्याचा शरीरावर झालेला परिणाम कुणी फारसा लिहिला नाही. भातलावणी, मिठागरातलं काम, खाडीतली मासेमारी हे सारं अंगमेहनतीचं. ते गेलं, भाड्याच्या खोल्या आणि इमारती आल्या, पण ताटातला भात आणि तांदळाची भाकरी होती तेवढीच राहिली. जमीन गेली आणि मेहनतही गेली. भूक मात्र जुन्या हिशोबाने लागत राहिली. खारघर-कामोठ्याच्या टॉवरमध्ये राहायला आलेला, रोज लोकलमध्ये दोन तास बसणारा नोकरदार वेगळ्या वाटेने त्याच ठिकाणी पोहोचला. दोघांच्या सोनोग्राफीवरची ओळ सारखीच आहे.

यावर उपाय काय, याचं आजवरचं अतिशय स्वच्छ उत्तरही हवानाहूनच आलं, आणि मला या योगायोगाची गंमत वाटते. जून २००९ ते मे २०१३ या काळात तिथल्या एका रुग्णालयात यकृतदाह बायोप्सीने सिद्ध झालेल्या २९३ जणांना वर्षभर फक्त खाणं आणि हालचाल बदलायला सांगितलं गेलं, आणि वर्षअखेरी पुन्हा बायोप्सी केली. ज्यांनी दहा टक्के किंवा अधिक वजन घटवलं, त्यांच्यापैकी नव्वद टक्क्यांचा यकृतदाह गेला आणि पंचेचाळीस टक्क्यांमध्ये व्रणदेखील मागे हटला. ऐंशी किलोच्या माणसाने आठ किलो. हा अभ्यास २०१५ साली छापून आला आणि आता जगभरच्या मार्गदर्शक तत्त्वांचा आधार आहे. ज्या शहरातून ओझोनचे उंदीर आले त्याच शहरातून हा माणसांचा पुरावाही आला. आपण आयात केले उंदीर.

पण त्याच अभ्यासातला दुसरा आकडा लपवला तर मीही माहितीपत्रक लिहिणाऱ्यांच्या रांगेत बसेन. वर्षभरात पाच टक्के वजनही फक्त तीस टक्के लोकांनाच घटवता आलं. बाकीच्यांनी ऐकलं असेल, ठरवलं असेल, पण वजन हललं नाही. ‘वजन कमी करा’ हे औषध उत्तम आहे आणि बहुतेकांना ते गिळता येत नाही. ओझोनची बाजारपेठ या सत्तर टक्क्यांमध्ये आहे. सरकारी ओपीडीत त्यांना दोन मिनिटं मिळतात आणि एक वाक्य मिळतं, ‘चालायला जा’. ओझोनच्या केंद्रात खाट मिळते, दहा बैठका मिळतात, कुणीतरी नाव घेऊन विचारपूस करतं, काहीतरी होताना दिसतं. लोक अडाणी आहेत म्हणून तिकडे जातात, हे म्हणणं आळशी डॉक्टरांचं आहे.

दुसरं कारण भीती. ‘साखरेच्या गोळ्यांनी लिव्हर जातं’ हे वाक्य कुठल्याही हळदीकुंकवात ऐकू येईल. ते सरसकट खोटं, पण पूर्ण निराधारही नाही. ट्रॉग्लिटाझोन नावाच्या गोळीने यकृत निकामी होऊन माणसं दगावली आणि २००० साली ती अमेरिकेच्या बाजारातून काढावी लागली. गंमत म्हणजे तिच्याच कुळातली पायोग्लिटाझोन आज मेदयुक्त यकृतदाहावर उपयोगी मानली जाते. आपल्या सरकारने ती जून २०१३ मध्ये मूत्राशयाच्या कर्करोगाच्या शंकेने बंद केली आणि पुढच्याच महिन्यात इशारा छापायला लावून पुन्हा सुरू केली. असे हेलकावे पाहिलेल्या रुग्णाने ‘केमिकल’ नको म्हणावं, यात नवल नाही. पण ओझोन हे केमिकल नाही, असं त्याला कुणी सांगितलं? तळोजा औद्योगिक वसाहतीशेजारी राहणाऱ्यांनी तरी हे लक्षात ठेवावं, की उन्हात धुरापासून तयार होणारा ओझोन हा आपल्या हवेच्या राष्ट्रीय मानकांत प्रदूषक म्हणून नोंदलेला आहे. आठ तासांच्या सरासरीची मर्यादा घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम. उपचारात नेहमी वापरतात ती तीव्रता मिलीलिटरला वीस मायक्रोग्रॅम धरली, तर ती या मर्यादेच्या दोन लाख पट भरते. हा वायू श्वासात जाऊ देत नाहीत, म्हणून ही तुलना धोक्याची मोजणी म्हणून वाचू नये. पण ‘शुद्ध, नैसर्गिक’ या शब्दांना ती पुरेशी आहे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या नियमावलीत ओझोन हा ज्ञात वैद्यकीय उपयोग नसलेला विषारी वायू असाच नोंदलेला आहे.

ओझोनला मिळणारा सद्भाव बहुधा शाळेतून येतो. ओझोनचा थर पृथ्वीचं रक्षण करतो, त्याला भोक पडलं, ते बुजवायला १९८७ साली माँट्रियल करार झाला, हे आपण पाठ केलेलं असतं. वीस किलोमीटर उंचीवरचा उपकारकर्ता खाली आल्यावरही उपकारच करील, असं मनात कुठेतरी बसतं.

नैसर्गिक म्हटल्याने यकृत सुरक्षित राहत नाही, याचा धडा मुंबईने अलीकडेच घेतला. कोविडच्या पहिल्या वर्षी गुळवेलीचा काढा घरोघर उकळत होता. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० मध्ये यकृतदाह होऊन आलेल्या सहा रुग्णांमध्ये हे साम्य डॉ. आभा नागराल आणि सहकाऱ्यांना दिसलं. त्यांच्यातली एक बाई दगावली. २०२१ मध्ये हे निरीक्षण छापून आल्यावर आयुष मंत्रालयाने ते दिशाभूल करणारं ठरवलं. पुढे देशभरातल्या तेरा केंद्रांनी मिळून ४३ रुग्णांची नोंद मांडली. गुळवेल वाईट, असा निष्कर्ष मला काढायचा नाही. ज्याचं यकृत आधीच आतून बिघडलेलं असतं त्याला धोका जास्त, आणि मधुमेही माणसाला आपलं यकृत कोणत्या अवस्थेत आहे याचा पत्ताच नसतो, एवढंच. ओझोनचे धोके त्यामानाने थोडे नोंदले गेले आहेत. पण थेट शिरेत वायू टोचल्याने हवेचा बुडबुडा अडकून मृत्यू झाले आहेत, आणि ओझोनच्या पुरस्कर्त्यांच्या संघटनाही तो मार्ग निषिद्ध मानतात. जी-६-पीडी या विकराची जन्मतः कमतरता असलेल्यांच्या तांबड्या पेशी अशा घाल्याने फुटतात. पारशी समाजात ही कमतरता तुलनेने जास्त आढळते. तांबड्या पेशी लवकर मेल्या तर सरासरी साखर दाखवणारा एचबीए१सी खोटाच कमी दिसतो, आणि रुग्णाला वाटतं साखर सुधारली. रक्त काढून परत घालणारी कोणतीही प्रक्रिया कावीळ बी आणि सी यांना दार उघडू शकते, जर पिशवी-सुईत काटकसर झाली तर. यकृताच्या रक्षणासाठी गेलेल्याने हे आधी विचारावं.

यावर पुरस्कर्त्यांचं नेहमीचं उत्तर असतं: ओझोनचं पेटंट घेता येत नाही, म्हणून औषध कंपन्या त्याची चाचणी करत नाहीत आणि बिचारा उपाय उपेक्षित राहतो. पहिला भाग मला मान्य आहे. बाजार नफ्याच्या दिशेने चाचण्या करतो, हे उघड आहे. पण दुसरा भाग खोडून काढायला फार लांब जावं लागत नाही. टाटा मेमोरियलने, ज्याचं संशोधन केंद्र पनवेल महापालिकेच्याच हद्दीत खारघरला आहे, लिग्नोकेनची चाचणी केली. दाताला टोचतात तीच भुलीची सुई. स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेपूर्वी ती गाठीभोवती टोचल्याने पुढचं आयुष्य वाढतं का, हा प्रश्न. पेटंट नाही, नफा नाही. डॉ. राजेंद्र बडवे आणि सहकाऱ्यांनी देशातल्या अकरा केंद्रांत मिळून सोळाशे स्त्रियांवर ती चाचणी केली, चिठ्ठ्या टाकून गट पाडले, वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. २०२३ मध्ये निकाल छापला: पाच वर्षांनी जिवंत असणाऱ्यांचं प्रमाण ८६.४ वरून ९०.१ टक्क्यांवर गेलं. ही सुई टोचताना कुणी रुग्णाला पिशवीतलं लाल रक्त दाखवलं नाही.

ओझोनवाल्यांनी हे का करू नये? मधुमेह आणि फायब्रोस्कॅनवर ठरलेला व्रण असलेले रुग्ण घ्यावेत. एका गटाला ओझोनमिश्रित ऑक्सिजन, दुसऱ्याला त्याच पिशवीतून, त्याच नळीतून निव्वळ ऑक्सिजन. रक्त दोघांचंही लाल होईल, म्हणून कुणाला काय मिळालं हे रुग्णालाही कळणार नाही. वजन दोन्ही गटांचं दर महिन्याला लिहावं, नाहीतर घटलेल्या वजनाचं श्रेय वायूला जाईल. वर्षभर थांबावं. २००९ पासून देशात प्रत्येक चाचणीची नोंदणी आधी सार्वजनिक करावी लागते. तिथे मोजमाप काय असणार हे पहिल्या रुग्णाच्या आधी लिहून ठेवावं. आणि पैसे घेऊ नयेत. आयसीएमआरची २०१७ ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वं याबाबत संदिग्ध नाहीत: संशोधनाचा खर्च सहभागी होणाऱ्यावर टाकायचा नसतो. सध्या चालतं ते उलटं आहे. प्रयोग आहे, पण नोंद नाही. प्रयोग आहे, पण बिल आहे. प्रयोगाचा धोका रुग्णाचा, खर्चही रुग्णाचा, आणि जे शिकायला मिळतं ते कुणाच्याच वहीत राहत नाही.

कायद्याचा आधार नाही असंही नाही. १९५४ च्या औषधे व जादूचे उपाय कायद्याच्या अनुसूचीत मधुमेह आहे. त्यावर उपचार करतो अशी जाहिरात करता येत नाही. म्हणून पाट्यांवरचे शब्द हुशारीने बदलतात, ‘बरा करतो’च्या जागी ‘आधार देतो’, ‘डिटॉक्स करतो’ येतं. पण कायद्याने बंद पाडण्यावर माझा फारसा भर नाही. बंद केलेली गोष्ट मागच्या खोलीत जाते, आणि मागच्या खोलीत पिशव्या-सुयांची तपासणी होत नाही.

त्यापेक्षा पनवेलच्या पॅथॉलॉजी लॅबवाल्यांनी एक करावं. मधुमेही माणसाचं वय त्यांच्याकडे लिहिलेलं असतं, एसजीओटी, एसजीपीटी आणि प्लेटलेट ते मोजतातच. संगणकात एक सूत्र घालून फिब-४ चा आकडा रिपोर्टच्या खालच्या ओळीत छापावा, सोबत मर्यादा मराठीत. त्यासाठी जादा रक्त लागत नाही, जादा पैसेही नाहीत. महापालिकेने आपल्या आरोग्य केंद्रांपुरता तरी हा नियम उद्यापासून लावायला हरकत नाही. वर्षभरात या शहरातल्या किती मधुमेहींचा आकडा १.३ च्या वर आहे हे कळेल, आणि मग फायब्रोस्कॅनचं एक यंत्र आणि वजनाचा पाठपुरावा करणाऱ्या दोन आहारतज्ज्ञ मागताना अर्थसंकल्पाच्या सभेत हातात काहीतरी असेल. ओझोनच्या केंद्रातल्या खाटेवर पडणाऱ्यालाही तो आकडा पहिल्या बैठकीआधी आणि दहाव्या बैठकीनंतर स्वतःच काढता येईल, गणित वर दिलंच आहे.